करंजी दोन सणांची



मागच्या खेपेला आम्ही इथं बोललो ते बँकेच्या कर्जाविषयी. आज कर्ज नाही, हप्ता नाही. आज तळणाचा विषय आहे. डिसेंबर लागला, ऊस तुटायला लागला, पहाटेची थंडी हाडात शिरायला लागली, की आमच्या गावात ओढ्यापलीकडच्या वस्तीवरून तेल तापल्याचा वास येतो. तोवर आमचे दिवाळीचे डबे रिकामे झालेले असतात. तळाशी चिवड्याचा चुरा आणि एखादं मोडकं शंकरपाळं. पलीकडं मात्र कढई नव्यानं चढलेली असते. नाताळ जवळ आला.

आम्ही प्रवरा आणि गोदावरीच्या मधल्या पट्ट्यातल्या बाया. अहमदनगर जिल्हा, ज्याला आता अहिल्यानगर म्हणतात. आमच्या गटात बाराजणी आहेत, त्यातल्या दोघी ख्रिस्ती. आमच्यातली एक बी.ए. झालेली, तीच हिशोब ठेवते आणि आजूबाजूच्या गावांतले गटही सांभाळते. तिला कॉलेजात इतिहास होता. त्या पुस्तकात पोर्तुगीज होते, इंग्रज होते, तह होते, लढाया होत्या. करंजी कुठंच नव्हती. मग आम्हीच एक हिवाळाभर मीटिंग संपल्यावर बसून वाचलं, विचारलं, आणि नाताळच्या तयारीचा इतिहास जमेल तसा जुळवला. तोच आज सांगतो.

आधी तयारी कशी असते ते सांगू, कारण गावात राहूनही आमच्यातल्या कित्येकींनी ती नीट बघितलेली नव्हती.

सुरुवात भिंतींपासून. पूर्वी चुना आणि शेणाचं सारवण, आता बाजारातला रंग. मग चांदणी. बांबूच्या कामट्या सोलून, दोऱ्यानं बांधून पाच टोकांचा सांगाडा करायचा आणि त्यावर पतंगाचा कागद डकवायचा. आत पूर्वी पणती असायची, आता बल्ब. आपल्या आकाशकंदिलाचीच ती सख्खी बहीण. कामट्या तासणारा माणूसही बहुतेक वेळा तोच, दिवाळीला आमचे कंदील करणारा. मग येशूच्या जन्माचा देखावा. शहरात त्यासाठी थर्माकोलचा गोठा विकत आणतात. आमच्याकडे गोठा आहेच. बाळ येशूला जिथं निजवलं त्या जागेला मराठी बायबलात गव्हाण म्हटलंय. गव्हाण काय असते ते शहरातल्या पोराला चित्र काढून दाखवावं लागतं, आमच्या पोरांना नाही.

आणि मग तळण. करंज्या, शंकरपाळे, चकल्या, शेव, रव्याचे लाडू. एक किलो मैद्याला पाव किलो रवा, कडकडीत तेलाचं मोहन, दुधात भिजवलेली पारी. सारणात किसलेलं सुकं खोबरं, भाजलेली खसखस, पिठीसाखर, वेलदोडा. कातणानं कडा कापायची, किंवा हात बसलेला असेल तर मुरड घालायची. वाचताना, ऐकताना तुम्ही म्हणाल, ही तर आमची दिवाळी. हो, तीच. केक अलीकडचा. कुणी पिठाचं मिश्रण डब्यात भरून बेकरीच्या भट्टीवर भाजून आणतं, कुणी घरीच पातेल्यात वाळू तापवून त्यावर डबा ठेवतं. पण ताट पाहुण्यापुढं येतं तेव्हा मधोमध करंजीच असते.

चोवीस तारखेला रात्री देवळात भक्ती असते. देवळात म्हणजे चर्चमध्ये. आमच्याकडे ख्रिस्ती लोक चर्चला देऊळच म्हणतात. त्याआधी आठवडाभर भजनाची मंडळी ढोलकी, टाळ, पेटी घेऊन घरोघर फिरते. प्रत्येक दारात चहा. आणि हा चहा रात्री अकरालाही कुणाला तरी करावाच लागतो. कोण करतं ते सांगायला नको.

एक अडचण मात्र आमच्या भागातली वेगळीच आहे. नाताळ येतो तो नेमका ऊसतोडीच्या ऐन भरात. वस्तीवरची अर्धी कुटुंबं कोयता घेऊन दूर कारखान्यावर गेलेली असतात. त्यांचा नाताळ कोपीत होतो. दिवसभर मोळ्या वाहून आल्यावर तीन दगडांच्या चुलीवर किलोभर शंकरपाळे तळायचे, पोरांच्या हातावर ठेवायचे आणि पहाटे परत फडात. आमच्या गटातल्या एकीनं लग्नानंतरचे सात नाताळ असे काढले. ती म्हणते, चांदणी लावायला कोपीला आढं नसायचं, म्हणून ती बैलगाडीच्या दांडीला बांधायची.

आता इतिहास.

नाताळ हा शब्द पोर्तुगीज आहे. जन्म असा त्याचा मूळ अर्थ. पोर्तुगीजांनी १५१० साली गोवा घेतलं आणि १५३४ साली गुजरातच्या बहादूरशहाकडून तहात वसई मिळवली. त्यांच्याबरोबर आलेले कितीतरी शब्द आपल्या तोंडात बसलेत. पाव, बटाटा, काजू, अननस, चावी, पगार. रोजगार हमीच्या कामावर आपण डोक्यावर जे घमेलं घेतो तो शब्दसुद्धा तिथलाच. नाताळ त्याच रांगेतला. म्हणजे आमच्या नगरकडे अमेरिकन मिशनरी आले त्याच्या तीनशे वर्षं आधी हा सण मराठी-कोकणी बायकांच्या स्वयंपाकघरात शिरला होता.

तिथं काय झालं ते बघण्यासारखं आहे. धर्म बदलला, नाव बदललं, लग्नाची रीत बदलली. हात मात्र तेच राहिले. गोव्याच्या ख्रिस्ती घरांत नाताळला जे गोडधोड होतं त्याला कुसवार म्हणतात. त्यात बिबिंक असतं. पीठ, अंड्याचा बलक, नारळाचं दूध, साखर आणि तूप यांचा एकेक थर ओतायचा, वर निखारे ठेवून भाजायचा, मग पुढचा थर. घाई केली की बिघडलं. दोदोल असतो. तांदळाचं पीठ, नारळाचं दूध आणि माडाचा गूळ एकत्र करून तो पातेल्याच्या कडा सोडेपर्यंत तासन्‌तास ढवळायचा. दंड भरून येतात, तेव्हा एरवी स्वयंपाकघरात न फिरकणारे पुरुषही आळीपाळीनं डाव धरतात. कुलकुलं असतात. पिठाची बोटभर गोळी काट्याच्या पाठीवर नाहीतर कोऱ्या कंगव्यावर दाबून शंखासारखी गुंडाळायची आणि तळायची. हे काम पोरांचं. आणि या सगळ्यात असते नेवरी. नेवरी म्हणजे करंजीच. आमच्याकडे सुकं खोबरं कारण समुद्र लांब, त्यांच्याकडे नारळ दारात. एवढाच काय तो फरक. गणपतीला हिंदू घरात होते ती नेवरी, नाताळला ख्रिस्ती घरात होते ती पण नेवरीच.

वसईकडे नाताळच्या जेवणाची तयारी उन्हाळ्यातच सुरू होते. तिथल्या आणि मुंबईच्या जुन्या ख्रिस्ती घरांतला बाटलीचा मसाला एप्रिल-मे महिन्यांत होतो. मिरच्या आणि पंधरा-वीस जिन्नस वाळवायचे, भाजायचे, उखळात कुटायचे आणि बिअरच्या गडद रंगाच्या बाटल्यांत ठासून भरायचे, म्हणजे उजेड लागत नाही आणि वास वर्षभर टिकतो. १७३९ साली चिमाजी अप्पांनी वसईचा किल्ला जिंकला, पोर्तुगीजांचं राज्य तिथून गेलं. नाताळ राहिला, मसाला राहिला. राज्यं बदलली म्हणून कुणी उखळ फेकून देत नाही.

पण हे सगळं सुखासुखी झालं असं समजू नका. गोव्यात १५६० साली इन्क्विझिशन नावाचं धर्मन्यायालय बसलं आणि मधली थोडी वर्षं सोडली तर १८१२ पर्यंत चाललं. ख्रिस्ती झालेली माणसं जुन्या चालीरीती पाळतात का, हे बघायचं त्याचं काम. १७३६ साली त्यांनी एक हुकूमनामा काढला. अ. का. प्रियोळकरांनी इन्क्विझिशनवर पुस्तक लिहिलंय, त्यात तो आहे. त्यातली मनाई वाचून आमच्या मीटिंगमध्ये आधी हसू फुटलं आणि मग सगळ्या गप्प झाल्या. अंगणात तुळस नको. लग्नात जुनी गाणी नकोत. बायकांनी देशी पद्धतीची चोळी घालू नये. आणि भात मीठ न घालता शिजवून, नंतर वरून मीठ घेऊ नये, कारण तशी हिंदूंची पद्धत.

भातातलं मीठ! म्हणजे सरकारचा आणि धर्माचा डोळा पातेल्यापर्यंत पोचला होता. पातेलं कुणाच्या हातात असतं? बाईच्या. शेजारणीनं चुगली केली तर खेटे घालायचे कुणी? आपल्या आईनं शिकवला तसा भात करणं हासुद्धा गुन्हा. आणि गंमत म्हणजे याच गोव्यात, त्याआधी सव्वाशे वर्षांपूर्वी, थॉमस स्टीफन्स नावाच्या इंग्रज पाद्र्यानं ख्रिस्ताची सगळी कथा मराठीत, ओवीत लिहिली होती. ‘ख्रिस्तपुराण’ नाव त्याचं, १६१६ साली छापलं. इथल्या लोकांना पुराण ऐकायची सवय आहे, तर त्यांना त्यांच्याच चालीत सांगावं, हे त्या परदेशी माणसाला कळलं होतं. पुढच्यांना कळलं नाही. तरीही नेवरी टिकली. हुकूम काढणाऱ्यांनी कधी कणीक मळली नव्हती. मळलेल्या हाताला दुसरा आकार येत नाही, हे त्यांना कुठून ठाऊक असणार?

आता आमच्या नगरकडे येऊ, कारण इथली गोष्ट अगदीच उलटी आहे.

अमेरिकन मराठी मिशनचे लोक १८१३ साली मुंबईला आले आणि १८३१ साली त्यांनी अहमदनगरला ठाणं केलं. त्यांच्यातल्याच सिंथिया फरार या बाई. लग्न न केलेली, एकटी बाई १८२७ साली जहाजानं मुंबईला आली, पुढं नगरला येऊन तिनं मुलींच्या शाळा चालवल्या आणि १८६२ साली इथंच वारली. जोतीराव फुल्यांनी नगरला तिची मुलींची शाळा पाहिली आणि मग पुण्यात आपली काढली, हे तुम्ही ऐकलं असेलच.

पण हे अमेरिकन लोक ज्या भागातून आले होते, तिथं त्यांच्या पंथाचे लोक नाताळ करतच नसत. त्यांच्या मॅसॅच्युसेट्स प्रांतात तर १६५९ साली कायदाच केला होता, की नाताळचा सण पाळला तर पाच शिलिंग दंड. तो कायदा १६८१ साली उठला, तरी मनातली अढी पुढं दीडशे वर्षं राहिली. खाणंपिणं, नाचणंगाणं हे देवाच्या नावावर नको, असं त्यांचं मत. तिथं नाताळची सरकारी सुट्टी सुरू झाली ती १८५६ साली. म्हणजे ते नगरला आले तेव्हा त्यांच्या पेटीत बायबल होतं, छापखान्याची अक्षरं होती, औषधं होती. नाताळच्या फराळाची रीत काही त्यांच्या पेटीतून आलेली दिसत नाही.

मग आमच्या वस्तीवर करंजी आली कुठून? आमचा अंदाज सरळ आहे. सण मिळाला देवळातून, पण सणाला घरात काय शिजवायचं हे कुणी सांगितलं नाही, तेव्हा बायांनी आपल्याला जे येत होतं ते केलं. गोव्यात जुनं टाका म्हणून हुकूम होता, इथं नवं काय करा हे सांगणारं कुणी नव्हतं. दोन्हीकडे बाईनं करंजीच केली.

इथवर मीटिंगमध्ये आम्ही खुशीत होतो. बघा, करंजी एकच, सगळ्यांची, असं म्हणत होतो. तेव्हा आमच्यातल्या वयानं मोठ्या, ओढ्यापलीकडच्या मावशी बोलल्या. त्या फार कमी बोलतात. म्हणाल्या, "तुमची करंजी पिढ्यान्‌पिढ्यांची आसल. माझ्या आजीनं पयली करंजी केली ती म्हातारपणी. त्याआधी आमच्यात कढई कुठं होती?"

हे आमच्या ध्यानातच आलं नव्हतं. नगर जिल्ह्यातले बहुतेक ख्रिस्ती मूळचे महार आणि मांग. १८७६ ते १८७८ च्या मोठ्या दुष्काळानंतर पुष्कळ लोक मिशनकडे गेले. त्यांच्या वाट्याला सणाचं काय यायचं? गावातल्या घरांतून मागून आणलेलं. दिवाळीचं उरलेलं, आठ दिवसांनी, वरून टाकलेलं, हातात नाही तर पदरात. गोड माहीत होतं, पण ते दुसऱ्याच्या कढईतलं.

आणि स्वतःच्या पैशानं केलं तरी सुटका नव्हती. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३६ साली ‘जातिप्रथेचं उच्चाटन’ हे भाषण लिहिलं, त्यात राजस्थानातल्या जयपूर संस्थानातल्या चकवारा गावची हकीकत आहे. तिथल्या एका अस्पृश्य माणसानं यात्रा करून आल्यावर आपल्या लोकांना जेवण घातलं आणि पानात तूप वाढलं. तूप वाढलं म्हणून गावातले लोक लाठ्या घेऊन आले, अन्न नासलं आणि जेवणाऱ्यांना मारलं. तूप हा म्हणे वरच्या लोकांचा मान. हे वाचल्यावर मावशींच्या आजीची ती पहिली करंजी आम्हाला वेगळी दिसली. स्वतःच्या घरात, स्वतःच्या तेलात, स्वतःच्या सणाला. ती म्हातारी, मावशी सांगतात, कढई उतरली तरी बराच वेळ नुसती बघत बसली होती.

आता जे सांगायचं ते आमच्याच चुकीचं आहे. रेडिओवर सांगावं का नाही यावर गटात दोन मीटिंगा वाद झाला. शेवटी मावशीच म्हणाल्या, सांगा.

गट सुरू झाला त्या वर्षी नाताळला मावशींनी घरोघर ताटं पाठवली. आम्ही सगळ्यांनी हसून घेतली. ताट घासून, रिकामं परत करू नये म्हणून त्यात मूठभर साखर घालून परत पाठवलं. रीत सगळी पाळली. पण आमच्यातल्या तिघींनी, आम्ही मुद्दाम आकडा सांगतोय, ती करंजी खाल्ली नाही. बाहेर काही बोललो नाही, भांडलो नाही, नुसती म्हशीच्या पुढं ठेवली. गटात एका सतरंजीवर बसत होतो, एकमेकींच्या कर्जाला जामीन राहत होतो, मावशींच्या हातचे पैसे मोजून पेटीत टाकत होतो. करंजी मात्र गेली नाही घशाखाली.

हे कुणाला कळलंच नसतं. पण आमच्यातल्या एकीचं पाच वर्षांचं पोर पुढच्या मीटिंगला आईबरोबर आलं आणि मावशींच्या मांडीवर जाऊन बसलं. म्हणालं, "मावशे, तुझ्या करंज्या आमच्या म्हशीला लय आवडल्या."

कुणी काही बोललं नाही. मावशींनी पोराच्या डोक्यावरून हात फिरवला, वहीवर सही केली आणि घरी गेल्या. पुढच्या वर्षी ताट आलं नाही. त्याच्या पुढच्या वर्षीही नाही. बचतीचा त्यांचा एकही हप्ता मात्र चुकला नाही.

आमच्या बी.ए. वालीनं मग लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ आणली आणि दर मीटिंगला थोडी थोडी वाचून दाखवली. ज्यांनी वाचली नसेल त्यांना थोडक्यात सांगतो. लक्ष्मीबाई कोकणस्थ ब्राह्मण घरातल्या. त्यांच्या वडिलांचं सोवळं इतकं कडक, की घरात येणारी वस्तू धुऊन घ्यायची, आणि धुणाऱ्या अर्थात बायका. नवरा नारायण वामन टिळक, मोठे कवी. ते १८९५ साली ख्रिस्ती झाले. लक्ष्मीबाई कोसळल्या. काही वर्षं वेगळ्या राहिल्या. मग नगरला नवऱ्याकडे आल्या तेव्हाही आपलं पाणी वेगळं, चूल वेगळी. त्यांनी ते एका दिवसात सोडलं नाही. एकेक गोष्ट सुटत गेली, आणि सोडताना काय झालं, पोटात कसं ढवळलं, स्वतःचंच हसू कसं आलं, ते सगळं त्यांनी न लपवता लिहून ठेवलंय. १९०० साली त्यांनी स्वतः बाप्तिस्मा घेतला. त्यांना लिहायला-वाचायला लग्नानंतर आलं. आणि नवऱ्यानं अर्धवट ठेवलेलं ‘ख्रिस्तायन’ हे काव्य शेवटी त्यांनीच पूर्ण केलं.

त्यांचा धर्म कोणता, हा आमचा मुद्दा नव्हता. आम्हाला धीर आला तो वेगळ्याच गोष्टीचा. एवढी मोठी बाई, तिलासुद्धा दुसऱ्याच्या हातचं पाणी पिताना त्रास झाला आणि तिनं तो कबूल केला. आम्ही तर आमची म्हैस पुढं केली होती.

तरी वाचून कुणाचं पोट बदलत नाही. पोट बदललं ते निराळ्या कारणानं. ज्या पोरानं ते वाक्य टाकलं, त्याच्या आजोबांनी त्या वर्षी भाऊबिजेच्या दुसऱ्या दिवशी डोळे मिटले. दुःखाच्या घरात वर्षभर तळण होत नाही, हे तुम्हाला माहीत आहे. कढई चढत नाही, शेजारणी आणून देतात तेवढंच गोड. गोव्याच्या ख्रिस्ती घरांतही हाच रिवाज. ज्या घरात माणूस गेलं तिथं नाताळचं कुसवार करत नाहीत, आजूबाजूच्या घरांतून त्यांचा वाटा जातो. हे आम्ही वाचलं होतं. आमच्या गावात ते घडेल असं मनात नव्हतं.

पंचवीस डिसेंबरला दुपारी मावशी त्या घरी गेल्या. तीन वर्षांनी. दाराशी न थांबता आत गेल्या, सुनेच्या जवळ बसल्या, म्हाताऱ्याबद्दल बोलल्या. मग पिशवीतून स्टीलचा डबा काढून तिच्या पुढं ठेवला. आणि कागदात बांधलेली एक वेगळी पुडी काढली. म्हणाल्या, "डब्यातल्या तुमाला. आन् ह्या चार म्हशीला. तिला आवडत्यात म्हणून आणल्या."

ती सून आमच्या गटातलीच. ती सांगते, आधी तिला रडू आलं, मग हसू आलं, मग दोन्ही एकदम. तिनं तिथंच डबा उघडला आणि मावशींच्या समोर एक करंजी खाल्ली. सारण घशात अडकलं, पाणी प्यावं लागलं. ते पाणी मावशींनीच माठातून काढून दिलं. म्हशीची पुडी पोरानं खाल्ली.

बाकी दोघींचं काय, असं तुम्ही विचाराल. एकीनं पुढच्या वर्षी स्वतः जाऊन ताट मागून आणलं. दुसरीचं अजून होत नाही. ती ताट घेते, पोरांना देते, आपण उपवास आहे म्हणते. डिसेंबरात तिचे उपवास फार निघतात. आम्ही तिला टोचत नाही, ती गटात आहे आणि हे भाषण लिहिताना समोरच बसलेली आहे.

गेल्या दोन वर्षांपासून नाताळच्या फराळाची ऑर्डर गट मिळून घेतो. शहरात नोकरीला गेलेल्या ख्रिस्ती घरांतल्या सुनांना आता करायला वेळ नसतो, दिवाळीचं तसंच नाताळचं. तळण मावशींच्या अंगणात होतं, कारण त्यांचं अंगण मोठं आणि कारण मुरड घालावी तर त्यांनीच. चकली आमची, करंजी त्यांची. हिशोबात मजुरी सगळ्यांना सारखी लावतो. मुरडीला जास्त द्यावी असं आमच्यातल्या काहींचं म्हणणं आहे, मावशी नको म्हणतात, तो वाद अजून मिटलेला नाही.

ऊसतोडीला गेलेल्यांच्या कोप्यांवरही या वर्षी डबे पाठवायचेत. टोळीचा मुकादम तेवीस तारखेला गावात येणार आहे, त्याच्याबरोबर जातील. म्हणून तळण बावीसला. आमच्या गटातल्या ज्या कुणी हे ऐकत असाल, मावशींनी निरोप दिलाय. येताना आपापलं पोळपाट-लाटणं आणा, आणि कातण विसरू नका. त्यांच्याकडे दोनच आहेत, त्यातल्या एकाचं चाक फिरत नाही.